नाव आपले, मजकूर त्यांचा
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीसएक वर्षे बँकेत कारकुनी करतो. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेवर ‘हवामानबदल आणि अमेरिकेतील उद्योगसंघ’ हा विषय आणि त्याखाली माझे नाव पाहून शाखेतील एका सहकाऱ्याने विचारले, “अहो, तुम्ही यात कुठे?” त्याचे असे झाले, की हा विषय मला आपल्या अभ्यासिकेतील एका मुलीने दिला. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्या गाईडमध्ये एक वाक्य होते, की विकसित राष्ट्रांच्या उदासीनतेमुळे तापमानवाढीवर वेळीच उपाययोजना झाली नाही. तिने विचारले, “काका, शास्त्रज्ञ तर सांगत होते, मग उदासीनता कशी?” मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी वाचू लागलो. वाचल्यानंतर माझे मत असे झाले, की गाईडमधला तो शब्दच चुकला आहे. उदासीन माणूस घरी बसतो. ही माणसे घरी बसली नव्हती. त्यांनी कचेऱ्या थाटल्या, पगारी माणसे नेमली, वार्षिक अंदाजपत्रके मंजूर केली आणि काही होऊ नये यासाठी चिकाटीने काम केले.

मूळ गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तो हवेत साठत जातो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. उपाय करायचा तर ही इंधने कमी जाळावी लागतील, म्हणजे ती कमी विकली जातील. विकणाऱ्याला ते परवडणारे नाही. इथपर्यंत कोणालाही समजेल. पुढचे समजून घ्यायचे तर उद्योगसंघ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

आपल्या बाजारपेठेत किराणा व्यापाऱ्यांचा संघ असतो. दुकानदार एकमेकांचे स्पर्धक असतात, पण कराचा किंवा वजनमापाचा प्रश्न आला की एकत्र बसतात, वर्गणी काढतात आणि एकाच लेटरहेडवर निवेदन देतात. यात गैर काही नाही. आमच्या बँक कर्मचाऱ्यांची युनियनही तेच करते. अमेरिकेतील तेल कंपन्यांचा असा संघ १९१९ साली स्थापन झाला. त्याचे नाव अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. कोळसेवाल्यांचा वेगळा, वीज कंपन्यांचा वेगळा, कारखानदारांचा आणखी वेगळा. खासदारांना भेटणे, कायद्याच्या मसुद्यावर हरकती देणे, जाहिराती करणे ही त्यांची रोजची कामे, आणि तेथील कायद्याने ती करता येतात. मात्र संघाचा एक मोठा उपयोग असा, की जे स्वतःच्या नावाने बोलायला कंपनीला अवघड वाटते ते संघ बोलतो. गिऱ्हाईक कंपनीचे नाव ओळखते, पंपावर तिची पाटी असते. संघाचा पंप कुठेच नसतो.

आता या संघाला धोका कधी कळला ते पाहू. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तेथेच नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकेच्या तेल उद्योगाला शंभर वर्षे झाल्यानिमित्त या संघाने परिसंवाद घेतला. पाहुणे होते हायड्रोजन बाँबवाले शास्त्रज्ञ एडवर्ड टेलर. ते काही पर्यावरणवादी नव्हते. त्यांनी तेलवाल्यांच्या समोर उभे राहून सांगितले, की या वायूमुळे तापमान वाढेल, ध्रुवाकडील बर्फ वितळेल आणि किनाऱ्यावरची शहरे पाण्याखाली जातील. १९६५ साली संघाचे अध्यक्ष फ्रँक इकार्ड यांनी स्वतः वार्षिक सभेत, राष्ट्राध्यक्षांच्या शास्त्रीय सल्लागारांच्या अहवालाचा हवाला देऊन, सभासदांना सांगितले की वेळ कमी उरला आहे. १९६८ साली संघानेच पैसे देऊन स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडून अहवाल करून घेतला, त्यातही हाच इशारा होता. म्हणजे माझ्या जन्माआधी त्यांच्या दफ्तरी ही नोंद झालेली होती.

१९८८ च्या उन्हाळ्यात ‘नासा’चे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि विषय वर्तमानपत्रांत आला. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, तेल, कोळसा, वीज, मोटारी अशा निरनिराळ्या धंद्यांतील कंपन्या आणि त्यांचे संघ यांनी मिळून एक नवी संघटना काढली. नाव ठेवले ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन, म्हणजे जागतिक हवामान आघाडी. नाव ऐकून आपण वर्गणी देऊ, इतके चांगले नाव! तिचे काम मात्र एकच होते: शास्त्र अजून अनिश्चित आहे असे सांगत राहायचे आणि सक्तीचा कोणताही कायदा वा करार होऊ द्यायचा नाही.

या आघाडीचा एक कागद मला बँकेतला माणूस म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. १९९५ साली तिच्या तांत्रिक समितीने सभासदांसाठी एक टिपण तयार केले. मसुदा मोबिल कंपनीतील एका तज्ज्ञाने लिहिला होता. त्यात स्वच्छ म्हटले होते, की हरितगृह परिणामामागचे शास्त्र पक्के आहे, ते नाकारता येणार नाही. तापमानवाढ खोटी आहे म्हणणारे काही शास्त्रज्ञ तेव्हा टीव्हीवर झळकत असत. त्यांचे मुद्दे पटण्यासारखे नाहीत, असेही त्या टिपणात होते. पुढे बाहेर द्यायची प्रत तयार झाली, तेव्हा विरोधकांचे मुद्दे खोडून काढणारा हा भाग गाळण्यात आला. एका न्यायालयीन खटल्यात हे कागद पुढे आले आणि २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापले. चौदा वर्षांनी. घरची खातेवही एक आणि तपासनिसाला दाखवायची दुसरी, हा प्रकार आमच्या धंद्यात कर्ज प्रकरणांच्या वेळी फार दिसतो. फरक एवढाच, की तिथे बँक बुडते.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक प्रसंग सांगतो. १९९१ साली कोळसा आणि वीज कंपन्यांच्या संघांनी इन्फर्मेशन कौन्सिल ऑन द एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पर्यावरण माहिती मंडळ, या नावाने मोहीम काढली. तिचे नियोजनाचे कागद पुढे बाहेर आले. तापमानवाढ हे सत्य नसून केवळ एक मत आहे असे लोकांच्या मनात ठसवायचे, हा उद्देश त्यात लिहिलेला आहे. आणि कोणाच्या मनात ठसवायचे तेही लिहिले आहे. एक गट वयस्क, कमी शिकलेल्या, स्वतःहून माहिती न शोधणाऱ्या पुरुषांचा. दुसरा गट तरुण, कमी उत्पन्नाच्या स्त्रियांचा. काही छोट्या शहरांत जाहिराती देऊन प्रयोगही करून पाहिला. मी हा भाग दोनदा वाचला. गरीब आणि अल्पशिक्षित माणूस कुठे राहतो, काय ऐकतो, कशाला भुलतो याचा इतका नेटका अभ्यास त्याच्या भल्यासाठी कोणी केलेला मला तरी आठवत नाही. कागद वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचल्यावर ती मोहीम गुंडाळावी लागली.

मित्रहो, आता या गोष्टीत आपल्या देशाचे नाव येते.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमधील क्योटो येथे जागतिक करार व्हायचा होता. त्यात पहिले बंधन श्रीमंत औद्योगिक देशांवर होते, कारण हवेत साठलेला बहुतेक वायू त्यांचाच. त्या काळी एका अमेरिकन माणसामागे वर्षाला वीस टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइड निघे, तर भारतीय माणसामागे सुमारे एक टन. तेव्हा श्रीमंतांनी आधी सुरुवात करावी, यात अन्याय कोणता? पण अमेरिकेतील उद्योगांनी १ कोटी ३० लाख डॉलरची जाहिरात मोहीम उघडली. सांगणे असे, की हा करार जागतिकच नाही. १६६ पैकी १३२ देशांना सूट आहे. त्या सूट मिळालेल्यांत चीन आणि मेक्सिकोबरोबर भारताचेही नाव घेतले जाई. अमेरिकन कामगाराला वाटावे, की आपली नोकरी जाणार आणि हे लोक मजा मारणार. त्याच वर्षी जुलैमध्ये सिनेटने ठराव केला, की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर अमेरिकेने असा करार करू नये. बाजूने ९५ मते, विरुद्ध एकही नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर १९९७ मध्ये चीनची राजधानी बीजिंग येथे जागतिक पेट्रोलियम परिषद भरली. तेथे एक्सॉन कंपनीचे अध्यक्ष ली रेमंड भाषणाला उभे राहिले. एक्सॉन ही त्या आघाडीतली मोठी सभासद. आशियातील गरीब देशांना त्यांनी काय सांगितले? की तुमच्या विकासाला तेल-कोळसा लागणार आहे, तेव्हा बंधने मान्य करू नका. घरी सांगायचे, गरीब देश बंधन घेत नाहीत म्हणून आपणही घेऊ नये. आणि गरीब देशांत जाऊन सांगायचे, बंधन घेऊ नका. दोन्ही ठिकाणी कळवळा मात्र गरिबांचा.

करार झाल्यावरही काम थांबले नाही. एप्रिल १९९८ मध्ये पेट्रोलियम संघाच्या कचेरीत बसून केलेली एक योजना ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हाती लागली. सामान्य नागरिकाला शास्त्रातील अनिश्चितता ‘समजली’ की आपण जिंकलो, असे त्यात लिहिले होते. शाळांतील विज्ञान शिक्षकांपर्यंत आणि मुलांपर्यंत पोहोचण्याचाही त्यात बेत होता, म्हणजे पुढच्या पिढीत क्योटोसारख्या करारांविरुद्ध आधीच भिंत उभी राहील. शिक्षक मंडळी येथे बसली आहेत म्हणून मुद्दाम सांगितले.

मार्च २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी क्योटो करार नाकारला. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या परराष्ट्र खात्यातील एक वरिष्ठ अधिकारी या आघाडीच्या प्रतिनिधींना भेटणार होत्या. त्यांनी काय बोलावे याचे जे टिपण खात्याने करून दिले, त्यात असे सांगायचे होते, की राष्ट्राध्यक्षांनी करार नाकारला तो अंशतः तुमच्या म्हणण्यावरून. आपल्या माहिती अधिकारासारखा तिकडे कायदा आहे, त्यातून हा कागद मिळाला. त्याच सरकारात पर्यावरणविषयक कचेरीत फिलिप कूनी नावाचे अधिकारी होते. ते पूर्वी पेट्रोलियम संघात हवामान विभागाचे प्रमुख होते. शिक्षणाने वकील. शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या सरकारी अहवालांत ते स्वतःच्या हाताने शंका दर्शवणारे शब्द घालत असत. जून २००५ मध्ये हे छापून आले, त्यांनी राजीनामा दिला आणि ते एक्सॉनमोबिल कंपनीत नोकरीला लागले.

आघाडी तोवर विरघळत चालली होती. बी.पी., शेल, फोर्ड अशा कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या आणि २००२ मध्ये तिने काम थांबवले. हेतू साध्य झाला, असा निरोपाचा सूर होता. खरेच झाला होता.

आता मी ज्या प्रसंगासाठी हे भाषण स्वीकारले त्याकडे येतो.

२००९ साली अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहापुढे हवामानाचे एक मोठे विधेयक आले. कार्बन वायूवर मर्यादा घालणारे. मत कोणीकडे जाईल सांगता येत नाही असे काही खासदार होते. त्यांपैकी एक व्हर्जिनिया राज्यातील टॉम पेरिएलो. त्यांच्या कचेरीत मतदारसंघातील संस्थांची पत्रे येऊ लागली. एक पत्र लॅटिन अमेरिकन वंशाच्या स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेचे. काही पत्रे एन.ए.ए.सी.पी.च्या स्थानिक शाखेची. वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे एक, विद्यापीठीय शिक्षण घेतलेल्या महिलांच्या संस्थेचेही. सर्वांचा आशय साधारण एकच: विजेची बिले वाढतील, आमच्या गरीब सभासदांना ती परवडणार नाहीत, तेव्हा साहेब, आम्हाला वाचवा.

एन.ए.ए.सी.पी. ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची १९०९ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्या संस्थापकांपैकी एक डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस. यांनाच बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या, आणि ड्यु बॉइस यांचे उत्तरही आले होते. तेव्हा ही संस्था आपल्याला अगदीच परकी नाही.

ती सगळी पत्रे बनावट होती. लेटरहेड त्या संस्थांचे, मजकूर आणि सह्या दुसऱ्यांच्या. स्थलांतरितांच्या संस्थेच्या पत्राखाली ज्या बाईंचे नाव होते, त्या नावाचे कोणी त्या संस्थेत नव्हतेच. चौकशीत साखळी उघड झाली. वर कोळसा आणि वीज कंपन्यांचा संघ. त्याने काम दिले एका जनसंपर्क संस्थेला. तिने पोटकंत्राट दिले बॉनर अँड असोसिएट्स या वॉशिंग्टनच्या फर्मला. लोकांच्या नावाने पत्रे, फोन, पाठिंबा गोळा करून देणे हाच या फर्मचा धंदा. फर्म म्हणाली, एका हंगामी कर्मचाऱ्याने परस्पर केले, त्याला काढून टाकले. संघ म्हणाला, आम्हालाही धक्का बसला. पण ऑक्टोबर २००९ मध्ये संसदीय समितीपुढे सुनावणी झाली तेव्हा हे स्पष्ट झाले, की मतदान २६ जूनला होते आणि संघाला बनावट पत्रांची खबर त्याआधीच लागली होती. खासदारांना कळवले गेले ते मतदान उरकल्यावर. विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी निसटते मंजूर झाले. पेरिएलो यांनी बाजूने मत दिले. पेन्सिल्व्हेनियातील आणखी दोन खासदारांना अशीच पत्रे गेली होती, त्यांनी विरुद्ध दिले. ते पत्रांमुळेच, असे मी म्हणणार नाही. सिनेटमध्ये विधेयक मतदानाला आलेच नाही आणि २०१० मध्ये संपले.

मी काउंटरवर बसतो. चेक आला की पडद्यावर सहीचा नमुना येतो आणि मी दोन्ही ताडून पाहतो. पाचशे रुपयांच्या चेकलाही हा नियम आहे. वळण चुकले तर चेक परत. देशाचा कायदा ठरवणाऱ्या पत्राला मात्र नमुना सही नसते. हा प्रकार उघडकीस आला म्हणून कळले, नाही तर कोणाला कळले असते?

येथे कोणी म्हणेल, की विजेच्या बिलाची काळजी खोटी आहे का? मुळीच नाही. माझा एक मावसभाऊ चंद्रपूरकडे कोळसा खाणीत आहे. खाण बंद झाली तर त्याच्या घरात काय होईल ते मला ठाऊक आहे. बिल वाढले तर झोपडपट्टीत आधी अंधार होतो, आणि उष्णता वाढली तर पत्र्याच्या घरात राहणाराच आधी भाजतो. दोन्ही खरे आहे. त्या दोहोंत काय निवडायचे ते त्या माणसाने स्वतः सांगायचे असते. त्याच्या वतीने दुसऱ्याने, तेही माल विकणाऱ्याने, सही ठोकून सांगायचे नसते. त्या संस्थांना विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या? विचारले नाही, कारण उत्तर नको होते, नाव हवे होते.

पुढच्या काळात भाषा बदलली. मार्च २०२१ मध्ये पेट्रोलियम संघाने कार्बनला किंमत लावण्याच्या कल्पनेला पाठिंबा जाहीर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेल कंपन्यांच्या प्रमुखांना आणि संघाच्या अध्यक्षांना संसदीय समितीने शपथेवर प्रश्न विचारले. दिशाभूल केल्याचा आरोप त्यांनी मान्य केला नाही.

शेवटी एक कबुली देतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी मी आपल्या संस्थेचा सहचिटणीस असताना एक गृहस्थ भेटायला आले. बोलणे मोठे आर्जवी. आपल्या वस्तीपासून काही अंतरावर एक प्रकल्प होणार होता, त्याची जनसुनावणी जवळ आली होती. ते म्हणाले, “भाऊ, तरुणांना रोजगार मिळेल. संस्थेचा पाठिंबा असल्याचे दोन ओळींचे पत्र द्या. टाइप आम्हीच करून आणतो, तुम्हाला त्रास नको. फक्त लेटरहेड आणि शिक्का द्या.” त्याच महिन्यात अभ्यासिकेला त्यांच्याकडून दोन पंखे मिळाले होते. मी कार्यकारिणीला न विचारता दोन कोरी लेटरहेड शिक्का मारून दिली. पाचशेच्या चेकची सही तपासणारा मी, कोऱ्या कागदावर शिक्का मारून बसलो. पुढे सुनावणीच्या कागदपत्रांत आपल्या संस्थेचे पत्र मी पाहिले. दोन ओळींचे नव्हते, दीड पान होते. पाण्याबद्दल, धुराबद्दल वस्तीची काही तक्रार नाही, असे त्यात लिहिले होते. वस्तीतल्या कोणालाही कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

ते पत्र रद्द समजावे, असे आपण नंतर ठराव करून कळवले. त्याची पोच आली, उत्तर आले नाही. तेव्हापासून लेटरहेडचे पॅड कपाटात कुलूपबंद असते, किल्ली कोषाध्यक्षांकडे, आणि प्रत्येक पत्राला जावक क्रमांक पडतो. ती नोंदवही अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवलेली आहे. कोणाही सभासदाने, विद्यार्थ्याने येऊन उघडून पाहावी.